पेशकारसाहेबांची हरकत

बैलांना नोटीस वाचून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भुजंगराव पेशकार. बाजाराच्या दिवशी सकाळी डोक्याला रुमाल, अंगात गुडघ्यापर्यंत येणारी काळी शेरवानी, नाकावर चष्मा आणि हातात कागद अशा थाटात ते आपल्या मोकळ्या आवारात यायचे. कडबा खात बसलेल्या एखाद्या जोडीसमोर उभे राहायचे, खाकरायचे आणि खणखणीत उर्दूत वाचायला सुरुवात करायचे. बैल माना वर करून बघायचे. वाचून झालं की भुजंगराव कागद गाडीच्या दांडीला खळीनं चिकटवायचे आणि पुढच्या जोडीकडे वळायचे.

मी एकदा न राहवून विचारलं, की हे कशासाठी. त्यांना माझ्या अज्ञानाची कीव आली असावी.

"गाडीवाला बाजारात गेलाय, मास्तर. जागेवर ज्याचा कब्जा असेल त्याला नोटीस पढून सुनवावी, असा दस्तूर हाय. आता या घटकेला कब्जा कोणाचा हाय, तुमीच सांगा."

मी बैलांकडे पाहिलं. कब्जा त्यांचाच होता, त्यात वाद नव्हता.

धारूरला मी तेव्हा वस्तानिया शाळेत, म्हणजे मधल्या इयत्तांच्या शाळेत, मास्तर होतो. राज्य निजामाचं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू आणि घरात, शेतात, बाजारात मराठी. त्यामुळे सरकारी कागद हातात पडला की लोक तो उलटा धरून माझ्याकडे घेऊन यायचे. माझ्या घराला लागून भुजंगरावांचं घर होतं आणि त्यांच्या घराला लागून ते आवार. चिंचेची दोन मोठी झाडं, एक गोडं पाणी असलेला आड आणि भोवती चुना लावलेले हद्दीचे दगड, एवढाच त्या आवाराचा संसार. बाजाराची जागा मात्र तिथून हाकेच्या अंतरावर आणि अगदी उघडी-बोडकी. सावली आणि पाणी सोडून उन्हात गाडी सोडील असा खुळा गाडीवाला आमच्या भागात जन्माला यायचा होता.

भुजंगरावांनी तीस वर्षं तहसिलीत पेशकारी केली होती. साहेबापुढे मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, ठेवायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या, हे काम. या कामानं त्यांच्या गळ्याचं एक विचित्र झालं होतं. हातात कागद असला की त्यांचा आवाज किल्ल्याच्या वेशीपर्यंत ऐकू जायचा. कागद नसला की तोच आवाज दूधवालीला "माप थोडं भरून द्या" एवढं म्हणायलाही पुरायचा नाही. ते तिच्यासमोर भांडं धरून नुसते उभे राहत आणि ती देईल ते घेऊन आत जात. बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. स्वतःच्या हातानं एकवेळचं पिठलं-भात करून खायचे आणि दुपारभर बोरूला टोक काढत बसायचे.

त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांमागे एक शब्द यायचा: मुदाखलत-बेजा. परक्याच्या जागेत हक्क नसताना शिरणं, असा त्याचा कचेरीतला अर्थ. पण भुजंगराव तो सगळीकडे वापरत. त्यांच्या भातात खडा निघाला की ती मुदाखलत-बेजा, आमच्या घरच्या भोपळ्याचा वेल त्यांच्या भिंतीवर चढला की तीही मुदाखलत-बेजा. वेलाच्या बाबतीत त्यांनी मला रीतसर लेखी कळवलं होतं. भोपळा लागला तेव्हा मी त्यांच्या बाजूचा त्यांनाच ठेवायला सांगितला, तर त्याची लेखी पोच आली.

आता एवढा अट्टहास कशासाठी, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. दिवसभर चार गाड्या झाडाखाली थांबल्या आणि संध्याकाळी निघून गेल्या तर आवाराचं काय झिजतं? पण भुजंगरावांनी नोकरीत नको तितक्या मिसली वाचल्या होत्या. अमक्याची मोकळी जागा, लोक वर्षानुवर्षं तिथं गाड्या सोडतात, मालकानं कधी हरकत घेतली नाही, सबब जागा गाडीअड्डा म्हणून सरकारात नोंदवावी. असे हुकूम त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचून दाखवले होते आणि समोर उभ्या असलेल्या मालकांचे चेहरे पाहिले होते. "तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद वाचले, मास्तर," ते मला एकदा म्हणाले. "माझ्या नावाचा हा एकच कागद हाय." ते आवार गेलं असतं तर भुजंगरावांजवळ दोन खोल्या आणि तो बोरू एवढंच उरलं असतं. म्हणून प्रत्येक गाडीला हरकत आणि प्रत्येक हरकतीची नक्कल घरात दप्तरी बांधलेली.

नोटिशीत चोवीस तासांची मुदत असे. मी त्यांना सुचवलं की गाड्या तर दिवस मावळायच्या आत निघूनच जातात, मग ही मुदत कसली? त्यांचा चेहरा उजळला. "तेच तर म्हनतो मी. आजवर एक गाडी मुदतीबाहेर राहिली न्हाई. अंमल किती चोख हाय बघा."

या चोख अंमलानंच पुढे घात केला.

झालं असं, की आमच्या भागातल्या गाडीवाल्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. मराठीही येत नव्हतं म्हणा. बाजार करून ते परत यायचे तेव्हा गाडीला एक लांबलचक लिहिलेला कागद चिकटलेला असायचा, खाली गोल शिक्का. शिक्का भुजंगरावांच्या अंगठीचा होता, पण होता गोल आणि काळा. पेशकारसाहेबांसारखा मोठा माणूस स्वतः उन्हात उभा राहून आपल्या बैलांपुढे काहीतरी वाचतो आणि वर शिक्क्याचा कागद देतो, याचा त्यांनी सरळ अर्थ काढला. हा गाडी सोडण्याचा परवाना. आणि तोही सुपारीचं खांडसुद्धा न घेता. ते कागद अलगद सोडवायचे आणि पागोट्यात खोचून घरी न्यायचे. एकानं वाटेतल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तो दाखवला, तिथल्या शिपायानं शिक्का बघून गाडी सोडली, आणि मग त्या कागदाचा बोलबाला झाला. कुणी तो देव्हाऱ्यात ठेवला. एकानं तर चामड्याच्या पुडीत शिवून दूध चोरणाऱ्या गाईच्या गळ्यात बांधला आणि गाय सुधारली म्हणतात.

मी एका गाडीवाल्याला धरून समजावलं, की बाबा, यात तुला इथून निघून जायला सांगितलंय. तो माझ्याकडे संशयानं बघू लागला. "मास्तर, सायबानं मनानं दिलाय कागूद. तुमच्या पोटात कावून दुखतंय बे?" असं म्हणून त्यानं कागद आणखी खोल खोचला. त्याच्या पुढच्या बाजाराला तो भावकीतल्या तीन गाड्या घेऊन आला.

आवारात पाय ठेवायला जागा राहिली नाही. भुजंगराव सकाळपासून लिहायला बसत आणि तरी कागद पुरत नसत. जितक्या नोटिसा जास्त तितक्या गाड्या जास्त, हे मी त्यांना सांगितलं. नोटीस बंद करा किंवा सरळ मराठीत तोंडानं सांगा, म्हणालो. तोंडानं सांगणं त्यांच्यानं होणारं नव्हतं हे मला ठाऊक होतं. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. गाडीवाल्यापुढे जाऊन उभे राहिले, हात चोळले आणि "पानी हाय का बैलांना?" असं विचारून परत आले.

शेवटी ही कीर्ती तहसिलीत पोचली. खाजगी जागेत कुणीतरी शिक्क्याचे परवाने देऊन गाडीअड्डा चालवतं, अशी बातमी. भुजंगरावांना कागद आला की जागेची चौकशी करायला तहसिलीतले अमीनसाहेब येतील. जागा खरोखर लोकांच्या वहिवाटीत असेल तर अड्डा म्हणून नोंद होईल. ज्या भीतीपोटी बाजाराच्या दिवसाची सकाळ न् सकाळ खर्ची घातली ती भीती त्या कागदांनीच दाराशी आणून उभी केली. तो कागद त्यांनी मला वाचायला दिला. स्वतःला उर्दू येत असताना दुसऱ्याकडून वाचून घ्यावंसं वाटलं, यावरून त्यांची अवस्था मला कळली. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

आणि त्याच आठवड्यात गयाबाईचा बैल बसला.

गयाबाई घाटातल्या एका वाडीची. नवरा दम्यानं घरी बसलेला, म्हणून गाडी ती स्वतः हाकायची. चाळिशीच्या पुढची, उंच, काळी, कासोटा घट्ट मारलेली बाई. घाट चढताना तिच्या हौशा नावाच्या बैलाचा मागचा पाय लचकला. कसाबसा तो चिंचेखालपर्यंत आला आणि बसला, तो बसलाच. संध्याकाळी सगळ्या गाड्या गेल्या. ही एक राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंगराव बाहेर आले तर चोवीस तास उलटायला आलेले, गाडी जागेवर आणि शेजारी तीन दगडांची चूल. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुदत टळणार होती.

त्यांनी नवी नोटीस लिहिली आणि या वेळी बैलांपुढे न वाचता खुद्द मालकिणीपुढे वाचली. गयाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. कागद हातात घेतला, चुरगळला आणि चुलीत घातला.

"सायेब, बैल उटला की जाते," ती म्हणाली. "मी काय हौसंनं बसले का हितं? हस्ताची पेरनी डोक्यावर हाय."

आमच्याकडे शाळू पेरायचा तो हस्त नक्षत्रात, जमिनीत ओल आहे तोवर. हस्त हातचा गेला की वर्ष गेलं. आणि पेरायला जोडी लागते. एका बैलावर पाभर चालत नाही. हौशा उठला नाही तर तिच्या घरात वर्षभर भाकरीची वानवा होती, आणि उठायच्या आधी हलवला तर पाय कायमचा जाणार होता. हे तिनं रडत-बिडत सांगितलं नाही. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करता करता सांगितलं.

आपली नोटीस जाळणारं माणूस भुजंगरावांना पहिल्यांदाच भेटलं होतं. ते अपमानानं लाल होऊन घरात गेले. दुपारी बघतो तर पाटीभर गोवऱ्या घेऊन ते आवारात. मी भिंतीवरून विचारलं, हे काय? म्हणाले, "सरपन नसलं की बाई दस्तावेज जाळती. त्याचा बंदोबस्त केला."

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी नोटीस बंद करून मोहलत द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी एक कागद: सदर गाडीस जागा खाली करण्यासाठी आणखी चोवीस तास दिले आहेत. तो ते पहिल्याइतक्याच खणखणीत वाचत. गयाबाई माझ्याकडे बघायची. मी सांगायचो, आणखी एक दिवस राहा म्हणतात. ती म्हणायची, "येवढंच हाय तर मग येवढं लांब कावून बोलतेत?"

बैल एकाच कुशीवर पडून राहिला की अंगाला जखमा होतात. म्हणून रोज त्याच्या पोटाखालून पोतं घालायचं, दोन्ही बाजूंनी धरून त्याला उचलायचं आणि कूस बदलायची. एका बाजूला गयाबाई, दुसऱ्या बाजूला शाळा सुटल्यावर मी. चौथ्या दिवशी मला उशीर झाला. घरी येऊन बघतो तर माझ्या बाजूला भुजंगराव. शेरवानी चिंचेच्या फांदीला टांगलेली, धोतर वर खोचलेलं, रुमाल मानेवर घसरलेला आणि साठ वर्षांचा तो किडकिडीत माणूस बैलाच्या बरगड्यांना खांदा लावून कण्हतोय. "बाई, हं म्हना," ते ओरडत होते, कागद हातात नसताना. त्यानंतर ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं नाही.

रात्री गयाबाई आमच्या ओसरीवर झोपायची. माझी बायको म्हणाली, तुमचे पेशकार पहाटे उठून बैलाला पाणी दाखवून येतात आणि बाई उठायच्या आत घरात जाऊन दार लावून घेतात. मी हे भुजंगरावांना बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याचाही काही दस्तूर काढून त्यांनी मला ऐकवला असता.

आठव्या दिवशी हौशा उठला. चारी पायांवर, थरथरत, पान खाऊन होईल इतका वेळ उभा राहिला आणि पुन्हा बसला. गयाबाईनं त्याच्या कपाळावर कपाळ टेकलं. भुजंगराव तोंड फिरवून आडाकडे बघत राहिले.

नवव्या दिवशी अमीनसाहेब आले.

मध्यम वयाचे, सभ्य, पान खाणारे गृहस्थ. बरोबर एक शिपाई. भुजंगरावांनी दप्तरं मांडून ठेवली होती. अमीनसाहेब चिंचेखाली खाटेवर बसून तासभर नकला चाळत होते आणि जसजसे चाळत गेले तसतसे त्यांच्या मिशीखाली हसू येत गेलं. सगळा प्रकार त्यांच्या लक्षात आला. हे परवाने नव्हेत, हरकती आहेत, आणि एकही गाडी हरकतीवाचून सुटलेली नाही, असं त्यांनी मोकळ्या मनानं सांगितलं. भुजंगरावांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी तेज आलं.

मग अमीनसाहेबांनी शेवटचं दप्तर उघडलं आणि समोर पाहिलं. गाडी, चूल, वाळत घातलेलं लुगडं, बसलेला बैल.

त्यांनी जे सांगितलं ते दुष्टपणानं सांगितलं नाही, हे मी कबूल केलं पाहिजे. त्यांचं म्हणणं एवढंच, की दोन नोटिसा आणि मागाहून इतक्या मोहलती, म्हणजे ही मालकाची रजामंदी झाली. मालक आपल्या राजीखुशीनं परक्या गाडीला आठ-आठ दिवस जागा देतो असं एकदा लिहिलं गेलं, की बाकीच्या हरकतींना काही अर्थ उरत नाही, आणि अड्ड्याची नोंद आपोआप होते. याला उपाय एकच. मालकानं आत्ता माझ्यासमोर हरकत सांगावी, शिपाई गाडी आणि बैल हद्दीबाहेर काढील, आणि मी लिहीन की जागा खाजगी आहे. बोला पेशकारसाहेब, काय लिहू?

गयाबाईला उर्दू कळत नव्हतं, पण शिपायानं बैलाच्या वेसणीकडे हात नेला तेवढ्यात तिला सगळं कळलं. ती उठून बैलाच्या पुढे जाऊन उभी राहिली. तिनं भुजंगरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढा खाली बघणारा तिचा चेहरा मी त्या नऊ दिवसांत पाहिला नव्हता.

भुजंगराव उभे होते. हातात कागद नव्हता. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, आता हे हात चोळून बैलांना पाणी आहे का विचारणार आणि आत जाणार. तसं झालं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. आयुष्यात एकच कागद आपल्या नावाचा असला म्हणजे माणूस काय करील?

"लिहा," ते म्हणाले. आवाज लहानच होता. "ही गाडी माझ्या बहिनीची हाय."

अमीनसाहेबांनी लेखणी वर धरली ती तशीच राहिली.

"बहिनीची गाडी भावाच्या अंगनात उभी राहती. त्याला नोटीस लागत न्हाई. मोहलत बी लागत न्हाई. ही मुदाखलत-बेजा न्हवं."

"मग बहिनीला नोटीस कावून दिली तुमी?" अमीनसाहेबांनी आता मराठीत विचारलं.

भुजंगरावांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "भांडन होतं," ते म्हणाले. "मिटलं."

आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांना बहीण नाही. भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. अमीनसाहेबांनाही ते कळायला वेळ लागला नसावा. ते गयाबाईकडे वळले आणि विचारलं, काय गं बाई, हे तुझे भाऊ का?

गयाबाईनं मान वर केली आणि भुजंगरावांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांचा रुमाल, चष्मा, काळी शेरवानी, सगळं.

"हाय की," ती म्हणाली. "थोरला हाय. पन लई येडा हाय."

अमीनसाहेबांनी लिहिलं. जागा खाजगी, मालकाची हरकत कायम, हल्ली उभी असलेली गाडी मालकाच्या सख्ख्या बहिणीची. तिचा अंगठा घेतला, यांची सही घेतली, आडाचं पाणी प्याले आणि शिपायाला घेऊन निघून गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, की तुमच्या शेजाऱ्यांची तब्येत जपा.

आवार राहिलं. बैलही राहिला. बाराव्या दिवशी गयाबाई रिकामी गाडी सावकाश हाकत वाडीला गेली आणि हस्त सरता सरता तिची पेरणी साधली, असं मागाहून कळलं. पण भुजंगराव सुखी दिसेनात. दोन दिवस त्यांनी चूल पेटवली नाही. मी गेलो तर अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले.

"मास्तर, मी खोटं लिहून घेतलं," ते म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या हाताखालून खोटा कागद गेला न्हवता."

मी म्हणालो, एवढं मनाला लावून घेऊ नका, एका मुक्या जनावरासाठी केलंत. त्यांनी मान हलवली. दप्तरात एखादी गोष्ट चुकीची गेली तर अर्ज देऊन ती दुरुस्त करावी लागते, असं ते म्हणाले. मी घाबरून विचारलं, मग अर्ज देता की काय? त्यांनी कोपऱ्यातलं दप्तर जवळ ओढलं आणि त्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"दुसरा एक मार्ग हाय," ते शेवटी म्हणाले. "जे लिहिलं ते खरं करायचं."

तो मार्ग काय, हे मला भाऊबिजेच्या दिवशी सकाळी कळलं. भुजंगराव धुतलेली शेरवानी घालून आमच्या दारात उभे. भाड्याची गाडी बाहेर आणलेली. बहिणीकडे जाताना काय काय न्यायचं असतं, हे त्यांना माझ्या बायकोकडून समजून घ्यायचं होतं. तिनं लुगडं आणि खण निवडून दिला, नारळ, सुपारी, करंज्यांचा डबा बांधून दिला. ते एकेक वस्तू हातात घेऊन कशासाठी म्हणून विचारत होते आणि ती न हसता सांगत होती. मग मला म्हणाले, "मास्तर, चला. साक्षीला कोनीतरी पायजे."

वाटेत ते लुगड्याची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होते. वाडी जवळ आली तेव्हा मात्र गाडी थांबवायला सांगून म्हणाले, परत जाऊ या का? बाई काय म्हणेल? तिनं त्या दिवशी वेळ मारून नेली असेल, आणि आपण लुगडं घेऊन तिच्या दारात जायचं, म्हणजे उलट आपणच नाही का हक्क नसताना शिरल्यासारखं? मी गाडीवाल्याला पुढे हाक म्हटलं.

गयाबाई अंगण सारवत होती. आम्हाला पाहून ती उठली, शेणाचे हात तसेच. नवरा खाटेवरून वाकून बघू लागला. भुजंगराव खाली उतरले आणि लुगड्याची घडी छातीशी धरून उभे राहिले. मी काही बोलणार तोच गयाबाई म्हणाली, "किती उशीर, दादा. आंगूळ करून कवाची वाट बघू लागलेय मी."

वाट बघत होती की नाही, मला माहीत नाही. पण आत गेलो तर पाट मांडलेला होता आणि पाटाभोवती रांगोळी काढलेली होती. कुणासाठी काढली होती? त्या बाईला माहेरचं कुणी उरलं नव्हतं, हे तिनंच माझ्या बायकोला ओसरीवर सांगितलं होतं.

भुजंगराव पाटावर बसले, ते भिंतीकडे तोंड करून. गयाबाईनं त्यांना खांद्याला धरून वळवलं. त्यांनी रुमाल काढला. तिनं तो परत डोक्यावर ठेवायला लावला. हात मांडीवर ठेवावेत, की जोडावेत, की पुढे करावेत, हे त्यांना उमगेना. कचेरीतल्या कुठल्या अर्जाला कुठला दस्तूर लागतो हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा तो माणूस पाटावर बसून माझ्याकडे आणि गयाबाईच्या नवऱ्याकडे आळीपाळीनं बघत होता. गयाबाईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि तबक हातात घेतलं. निरांजनाचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसावेत की नाही, हेही त्यांना कळत नव्हतं.

"आता काय करायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काई न्हाई, दादा," गयाबाई म्हणाली. "निस्तं गप बसायचं."

ते बसले.